दारू, दवाखाना आणि डॉक्टरचा शब्द

दारू वाईट आहे, हे सांगण्यासाठी मी आपणांपुढे उभा नाही. ते आपणांस ठाऊक आहे आणि आपल्या आयाबहिणींना तर ते माझ्याहून शतपटीने अधिक ठाऊक आहे. माझा विषय त्याच्या पुढचा आहे. दारू पिणारा माणूस डॉक्टरसमोर येऊन बसला, तर डॉक्टरने त्याच्याशी कोणत्या शब्दांत बोलावे? आणि डॉक्टरला जो नियम लागू आहे तो आपल्या घराला व आपल्या विहाराला लागू आहे की नाही? या दोन प्रश्नांचा आज आपण विचार करू.

१४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूर येथे धम्मदीक्षेचा सोहळा झाला आणि दोनच दिवसांनी, १६ ऑक्टोबर रोजी, बाबासाहेब चांद्यास आले. त्या काळी हेमलकसा, भामरागड, अहेरी हा सारा जंगलमुलूख चांदा जिल्ह्यातच मोडत असे. गडचिरोली हा स्वतंत्र जिल्हा झाला तो २६ ऑगस्ट १९८२ रोजी. आपल्यापैकी कित्येकांच्या आजोबांनी त्या वेळी दीक्षा घेतली आणि कित्येक घरांनी ती अगदी अलीकडे घेतली आहे. बावीस प्रतिज्ञांत दारू न पिण्याची प्रतिज्ञा आहे आणि पंचशीलातील पाचवे शील तेच सांगते. तेव्हा आपल्या समाजात दारूविषयी मतभेद नाही.

पण ज्याने प्रतिज्ञा घेतली आणि जो तरीही पितो, त्याचे काय होते? तो लपतो. विहारात येणे टाळतो, पाहुण्यांच्या नजरा चुकवितो आणि दवाखान्यात गेलाच तर डॉक्टरच्या प्रश्नाला “नाही साहेब, मी घेत नाही” असे उत्तर देतो. त्या एका खोट्या उत्तरामुळे त्याच्या काविळीचे निदान चुकते, क्षयाची औषधे त्याच्या यकृताला झेपत नाहीत, आणि खाटेवर पडल्यानंतर तिसऱ्या दिवशी त्याला वात का झाला हे कोणास कळत नाही. जी प्रतिज्ञा माणसाला उभे करण्यासाठी होती, तिच्या धाकाने तो डॉक्टरपासून तुटतो. हा प्रश्न शब्दांचा दिसतो खरा, पण तो प्राणाचा प्रश्न आहे.

दटावणीने काय साधते?

समजा, चाळिशीतील एक गृहस्थ कुऱ्हाड पायावर बसून झालेली जखम बांधून घेण्यास आला आहे. तोंडाला वास आहे. डॉक्टर म्हणतो, “पुन्हा पिऊन आलास? यकृत सडेल, मरशील. तुम्हा लोकांना कितीही सांगा, व्यर्थ!” रोगी खाली मान घालून म्हणतो, “होय साहेब, सोडतो.” डॉक्टरला वाटते आपण कर्तव्य केले. रोगी दवाखान्याबाहेर पडतो तो थेट गुत्त्याकडे वळतो, कारण झालेला अपमान विसरण्याचा त्याला एकच मार्ग ठाऊक आहे.

या चार वाक्यांत तीन दोष आहेत. पहिला ‘आलास’ हा शब्द. चाळीस वर्षांच्या माणसाला परक्याने एकेरीत हाक मारणे म्हणजे काय, हे आपल्या समाजाला शिकवावे लागत नाही. दुसरा दोष ‘तुम्हा लोकांना’ या दोन शब्दांत आहे. हे शब्द रोगाविषयी नाहीत, जातीविषयी आहेत. श्रीमंत वस्तीतील माणूस पितो तेव्हा तो आजारी ठरतो; आपल्या किंवा आदिवासींच्या वस्तीतील माणूस पितो तेव्हा ‘ते लोक असेच’ म्हणून निकाल लागतो. तिसरा दोष असा की, डॉक्टरने जे सांगितले ते रोग्याला आधीच माहीत होते.

बहुतेक पिणारे दुहेरी मनाचे असतात. एक मन म्हणते ‘सोडावी’, दुसरे म्हणते ‘आजचा दिवस घ्यावी’. डॉक्टरने ‘सोड’ म्हणून जोर लावला की ‘सोडावी’ ही बाजू डॉक्टरकडे जाते आणि रोग्याच्या हाती केवळ दुसरी बाजू उरते. मग तो ती लढवितो : कष्ट फार आहेत, सगळेच पितात, माझा आजा पिऊन ऐंशी वर्षे जगला. स्वतःच्या तोंडाने दारूची वकिली करता करता तो स्वतःचीच समजूत घालतो. विल्यम मिलर या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने १९८३ साली एक निबंध लिहून ही गोष्ट मांडली, आणि पुढे १९९१ साली स्टीफन रोलनिक यांच्यासह त्यावर ग्रंथ लिहिला. मिलर व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९३ साली असेही दाखविले की, सल्लागार जितका अधिक अंगावर जातो, तितका रोगी वर्षभरानंतर अधिक पिताना आढळतो. त्यांच्या पद्धतीचे सार एका वाक्यात सांगता येईल : बदलाची कारणे डॉक्टरने सांगावयाची नसतात, ती रोग्याच्या मुखातून यावी लागतात.

हेमलकशाचा धडा

आता हेमलकशाकडे या. २३ डिसेंबर १९७३ रोजी बाबा आमटे यांनी तेथे लोक बिरादरी प्रकल्प सुरू केला आणि डॉ. प्रकाश व डॉ. मंदाकिनी आमटे यांनी माडिया गोंडांच्या त्या मुलखात दवाखाना चालविला. तेथील लोकांना मराठी येत नव्हती. डॉक्टरांनी लोकांना मराठी शिकण्यास सांगितले नाही. ते स्वतः माडिया बोलण्यास शिकले. त्या कार्याला २००८ साली मॅगसेसे पुरस्कार लाभला. आपल्या विषयापुरता मी तेथून एक धडा घेतो : प्रथम रोग्याची भाषा, मग औषध.

दारूच्या बाबतीत हा धडा अक्षरशः खरा आहे. पाश्चात्त्य पुस्तकांत विचारावयाचा प्रश्न असा असतो की, आठवड्यास किती पेले? जागतिक आरोग्य संघटनेने १९८९ साली प्रसिद्ध केलेली दहा प्रश्नांची एक उत्तम प्रश्नावली आहे. तिच्यात शून्य ते चाळीस गुण असतात आणि आठ किंवा अधिक गुण म्हणजे धोक्याची खूण. परंतु भामरागडच्या रानात माणूस पेल्याने मोजीत नाही. चैत्रात मोहाची फुले पहाटे वेचली जातात, वाळवून ठेवली जातात. ती खाण्यात येतात, विकली जातात आणि त्यांची दारूही गाळली जाते. गोरग्याच्या झाडाचा रस निघतो, तो वेगळाच. त्या वस्तीत ‘किती पेले’ हा प्रश्न निरर्थक आहे. तेथे विचारावे लागते : बाटली कोणत्या मापाची? एकटे की चौघांत? सकाळी उठल्याबरोबर लागते काय? न मिळाल्यास हात थरथरतात काय? शेवटचे दोन प्रश्न सर्वांत महत्त्वाचे आहेत, हे ध्यानात ठेवा. त्यांच्याकडे मी पुन्हा येणार आहे.

आणखी एक विवेक हवा. माडियांच्या लग्नात, मरणात, देवकार्यात मोहाच्या दारूला स्थान आहे. सणाला घेणारा आणि रोज पहाटे घेतल्यावाचून उभा न राहणारा, हे दोघे एक नव्हेत. जो डॉक्टर दोघांना एकच शिवी देतो तो पहिल्याचा अपमान करतो आणि दुसऱ्याचा रोग ओळखीत नाही. आपणही जपले पाहिजे. आपण दारूचा त्याग केला म्हणून शेजारच्या आदिवासी बांधवाकडे वरून पाहण्याचा अधिकार आपल्याला मिळालेला नाही. ज्या नजरेने काल आपणांस पाहिले गेले, ती नजर आपण दुसऱ्यावर रोखणे हा धम्म नव्हे.

बोलावे कसे?

तीच जखम, तोच रोगी. डॉक्टर मात्र वेगळा. त्याने प्रथम जखम बांधली, नंतर सोबत आलेल्या मंडळींस बाहेर बसविले, आणि मग विचारले :

“भाऊ, तुमची हरकत नसेल तर दारूविषयी थोडे बोलू का?”

“बोला साहेब. तुम्ही काय म्हणणार ते ठाऊकच आहे.”

“पुष्कळांची बोलणी खाल्लेली दिसतात तुम्ही.”

“घरी तेच, विहारात तेच.”

“मग मी आधी ऐकतो. दारू तुमच्या काय कामी येते?”

“दिवसभर लाकडे तोडून अंग ठणकते. घेतली की झोप लागते.”

“ठणका थांबतो, झोप लागते. आणि तिच्यातले न आवडणारे काय?”

येथे रोगी थांबतो. डॉक्टरही थांबतो, ते मौन तो भरून काढीत नाही.

“मुलगी दहावीला आहे. मी घरात शिरलो की ती पुस्तक मिटून शेजारी जाते.”

“तिने शिकावे असे तुम्हांला फार वाटते, आणि तिचे पुस्तक आपल्यामुळे मिटते हे सलते.”

“सलते तर! दीक्षा घेतली ती तिच्यासाठीच ना.”

मुलीचे नाव डॉक्टरने काढले नाही, रोग्याने काढले. “पोरीकडे पाहून तरी लाज बाळग” असे डॉक्टर म्हणाला असता, तर तोच माणूस चिडून उठला असता. ‘दारू तुमच्या काय कामी येते’ हा प्रश्न काहींना विचित्र वाटेल. पण त्याच्या उत्तरात अर्धी चिकित्सा आहे. अंगाचा ठणका व निद्रानाश यांवर डॉक्टरपाशी दुसरे उपाय आहेत. ते त्याने दिले नाहीत, तर दारूने रिकामी केलेली जागा दारूच भरील.

पुढे डॉक्टर म्हणतो, “दारू कमी करणे तुम्हांला किती महत्त्वाचे वाटते? दहा बोटांपैकी किती?” रोगी चार बोटे दाखवितो. अडाणी डॉक्टर विचारील, “चारच का, दहा का नाहीत?” आणि रोगी आपल्या दुबळेपणाची यादी सांगेल. जाणता डॉक्टर विचारतो, “एकच का नाही? चार का?” आता रोग्याला सोडण्याची कारणेच सांगावी लागतात. एका प्रश्नाची दिशा फिरविली आणि माणूस स्वतःचा वकील झाला.

त्यानंतर डॉक्टर स्वतःचे ज्ञान जरूर सांगतो. पण परवानगी घेऊन, थोडक्यात, रोग्याच्या देहाला धरून. क्षयाचा रोगी असेल तर औषध आणि दारू दोन्ही यकृतावर कशी येतात ते. सिकलसेलचा रोगी असेल (आणि विदर्भातील आपल्या समाजात व आदिवासींत हा आजार पुष्कळ आहे) तर दारूने अंगातील पाणी घटते आणि वेदनेचा झटका उठू शकतो, ते. मग विचारतो, “याबद्दल तुम्हांला काय वाटते?” शेवटी एक लहानसा बेत ठरतो, आणि तो रोग्यानेच ठरवावयाचा : मजुरी मिळते त्या दिवशी पैसे कोणाच्या हाती द्यावयाचे, कोणत्या रस्त्याने घरी यावयाचे, लग्नात आग्रह झाला तर काय म्हणावयाचे. पंधरा दिवसांनी पुन्हा भेट. या साऱ्यास दहा मिनिटे पुरतात.

कमी करावयाची की पुरती सोडावयाची? यकृत बिघडलेले असेल, झटके येत असतील, स्त्री गरोदर असेल, किंवा दारूवाचून शरीर चालेनासे झाले असेल, तर पुरतीच सोडली पाहिजे आणि डॉक्टरने ते नि:संदिग्ध शब्दांत सांगितले पाहिजे. आपले शीलही पूर्ण त्यागाचेच आहे. पण रोज पिणारा आठवड्यात दोनदा पिऊ लागला, तर ‘प्रतिज्ञा मोडलीच आहे’ म्हणून त्याला हिणवू नका. तो त्याच वाटेने चालला आहे.

हे बोलणे आपल्या परंपरेला परके नाही. अभयराजकुमार सुत्तात भगवान बुद्धांनी वाणीची कसोटी सांगितली आहे. गोष्ट खरी असेल, हिताची असेल, तरीदेखील ती बोलण्याची योग्य वेळ ते पाहतात. डॉक्टरची दटावणी खरी असते, हिताचीही असते. पण तिसऱ्या कसोटीला उतरत नाही.

याचा पुरावा काय?

आपण कालाम सुत्त मानणारी माणसे आहोत. कोणी सांगितले म्हणून मानू नये, अनुभवास उतरते काय ते पाहावे. तर पाहा. शेजारच्या गोव्यात संगाथ या संस्थेच्या डॉ. अभिजित नाडकर्णी, डॉ. विक्रम पटेल व सहकाऱ्यांनी दहा प्राथमिक आरोग्य केंद्रांत एक प्रयोग केला. त्याचे निष्कर्ष २०१७ साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात आले. अपायकारक प्रमाणात पिणाऱ्या ३७७ पुरुषांपैकी निम्म्यांना नेहमीच्या उपचारासोबत असे संभाषण मिळाले, फार तर चार बैठका. बोलणारे डॉक्टर नव्हते, मानसोपचाराची पदवी नसलेली, शिकवून तयार केलेली साधी माणसे होती. तीन महिन्यांनी पाहिले तेव्हा संभाषण मिळालेल्यांपैकी शंभरांत ४२ जणांनी मागील पंधरवड्यात दारूला स्पर्श केला नव्हता. दुसऱ्या गटात असे १८ होते. वर्षानंतरही हा फरक टिकून होता.

शंभरांत ४२ म्हणजे सर्व नव्हेत, हे मी लपवीत नाही. परंतु ज्या औषधाला पैसा पडत नाही आणि जे दुर्गम केंद्रातील परिचारिकेला किंवा आशाताईला शिकविता येते, त्या औषधाचा हा गुण थोडा नाही.

कायद्याचे काय, असे कोणी विचारील. गडचिरोलीत लोकांच्या चळवळीतून १९९३ साली दारूबंदी झाली. चंद्रपूर जिल्ह्यात स्त्रियांच्या दीर्घ लढ्यानंतर ती २०१५ साली आली आणि २०२१ साली उठली. कायदा दुकान बंद करतो आणि ते आवश्यक आहे. पण दुकान बंद झाल्यावर थरथरत्या हातांनी घरी बसलेल्या माणसाशी कायदा बोलू शकत नाही. ते कोणीतरी बोलले पाहिजे. म्हणूनच डॉ. अभय व डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेने शासनाच्या सहकार्याने २०१६ साली गडचिरोलीत ‘मुक्तिपथ’ सुरू केला, आणि पुण्यात १९८६ पासून ‘मुक्तांगण’ हे व्यसनमुक्ती केंद्र चालत आहे. असाध्य वाटणाऱ्या रोग्याला कोठे पाठवावे हे प्रत्येक डॉक्टरला ठाऊक असले पाहिजे.

एक धोक्याची सूचना

आता त्या दोन प्रश्नांकडे येतो : सकाळी लागते काय, आणि हात थरथरतात काय? ज्याचे उत्तर ‘होय’ आहे, त्याने एका दिवसात दारू तोडणे धोक्याचे आहे. अशा माणसाला काही तासांतच कंप सुटतो, घाम फुटतो. पहिल्या दोन दिवसांत फेफऱ्यासारखे झटके येऊ शकतात. दोन ते चार दिवसांत भ्रम होऊन, नसलेल्या वस्तू दिसू लागून, त्यात प्राणही जाऊ शकतो. याला वेळीच औषध आहे, ‘ब एक’ जीवनसत्त्व आहे, आणि ते दवाखान्यात डॉक्टरच्या देखरेखीखाली द्यावयाचे असते.

दीक्षेच्या दिवशी भरल्या गळ्याने प्रतिज्ञा घेऊन घरी जाणारे यांतले काही असतात. पावसाळ्यात पर्लकोटेला पूर आला की भामरागडची वाट तुटत आली आहे. अशा ठिकाणी तिसऱ्या रात्री भ्रम झाला तर रोग्यास न्यावयाचे कोठे? तेव्हा दीक्षा देणाऱ्यांना माझी विनंती आहे : रोज पिणारा माणूस प्रतिज्ञेसाठी पुढे आला, तर त्याला आधी डॉक्टरकडे न्या. त्याने त्याचा संकल्प दुर्बल होत नाही; तो जिवंत राहतो.

घराने काय करावे?

प्रथम भगिनींविषयी. पिणाऱ्याशी सौम्य बोलावे याचा अर्थ त्याने मारले तरी सोसावे, असा कदापि नाही. गोव्याच्या ज्या प्रयोगाची मी स्तुती केली, त्यातच पत्नीला होणाऱ्या मारहाणीत फरक दिसला नाही, हेही सांगितले पाहिजे. म्हणून डॉक्टरने पत्नीला एकटीला बोलावून विचारावे : बाई, घरात तुम्ही व मुले सुरक्षित आहात का? करुणा रोग्यासाठी आहे आणि संरक्षण तिच्यासाठी आहे. २००५ च्या कायद्याने कौटुंबिक हिंसेविरुद्ध तिला दाद मागता येते. दोन्ही गोष्टी एकाच वेळी करावयाच्या असतात.

दुसरे, रोग्याला डॉक्टरसमोर उघडे पाडू नका. “साहेब, हा खोटे बोलतो” असे चारचौघांत म्हटल्याने तो पुढच्या वेळी येणारच नाही. डॉक्टरला वेगळे सांगा. डॉक्टर एकेरीत बोलला, जात काढली, तर मात्र तेथेच नम्रपणे आणि ठामपणे सांगा की, आम्ही उपचाराला आलो आहोत, मान द्या. तो आपला हक्क आहे, उपकार नव्हे.

तिसरे, जो घसरला त्याच्याविषयी. आपण शीलांना ‘शिक्षापद’ म्हणतो. शिक्षापद म्हणजे शिकण्याची पायरी. म्हणूनच पंचशील आयुष्यात एकदा घेऊन संपत नाही. प्रत्येक वंदनेच्या वेळी आपण ते पुन्हा घेतो. ज्याचा पाय घसरला त्याच्यासाठी पुढच्या वंदनेत जागा आहे. भिक्खूंनी टाकून दिलेल्या, मळात लोळणाऱ्या आजारी भिक्खूला भगवंतांनी स्वतःच्या हातांनी धुतले आणि संघाला सांगितले की, माझी सेवा करू इच्छिणाऱ्याने आजाऱ्याची सेवा करावी. त्या भिक्खूला त्यांनी प्रथम दोष विचारला नाही.

बंधु-भगिनींनो, आपल्या वस्तीत आज असा एक तरी माणूस आहे, जो या क्षणी दाराआड बसला आहे. उद्या त्याच्याकडे जा. उपदेशाची गाठोडी घरी ठेवा. त्याला विचारा, “दादा, कसे आहात?” आणि उत्तर मिळेपर्यंत थांबा. मग त्याच्याबरोबर दवाखान्यात चला.

जय भीम.